नोकरी पणाला लावून केलेलं रेकॉर्डिंग: क्लिफर्ड ब्राउनची ‘पॅरिस सेशन्स’ का महत्त्वाची आहेत?

१९५३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या एका हॉटेलातून काही अमेरिकन वादक मॅनेजरची नजर चुकवून बाहेर पडायचे आणि थेट स्टुडिओ गाठायचे. पकडले गेले तर नोकरी जाणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यात २२ वर्षांचा एक ट्रम्पेटवादक होता, क्लिफर्ड ब्राउन. त्या चोरून केलेल्या रेकॉर्डिंगचा संग्रह आज ‘द कम्प्लीट पॅरिस सेशन्स’ या नावानं तीन भागांत ऐकायला मिळतो.

चोरून का?

ब्राउन तेव्हा लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होता. दौऱ्यात कुणीही बाहेर स्वतंत्र रेकॉर्डिंग करायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण बँडमध्ये नव्या दमाची मुलं भरली होती. ट्रम्पेटवर ब्राउनसोबत आर्ट फार्मर आणि क्विन्सी जोन्स होते. हाच जोन्स पुढे मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा निर्माता झाला. सॅक्सोफोनवर जीजी ग्राइस होता. युरोपातल्या कंपन्यांना नवं अमेरिकन जॅझ हवंच होतं. १५ सप्टेंबरला स्टॉकहोममध्ये स्वीडिश वादकांबरोबर एक रेकॉर्डिंग झालं. मग पॅरिसमध्ये ‘व्होग’ या फ्रेंच कंपनीसाठी २८ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान सेशन्स झाली.

संग्रहात काय आहे?

मोठा बँड, सहा जणांचा ताफा आणि चौघांचा ताफा, असे तिन्ही प्रकार यात आहेत. अनेक रचना ग्राइसच्या आहेत. साथीला पियानोवादक आंरी रनो आणि बासवादक पिएर मिशलो यांच्यासारखे पॅरिसचे कलाकार आहेत.

१५ ऑक्टोबरचं चौघांचं सेशन मात्र वेगळं काढून ऐकावं असं आहे. दुसरं कुठलंही फुंकवाद्य नाही. एकट्या ट्रम्पेटला पियानो, बास आणि ड्रमची साथ. ‘इट माइट अॅज वेल बी स्प्रिंग’सारख्या संथ गाण्यात ब्राउनचा गोल, उबदार आवाज मोकळेपणानं ऐकू येतो.

एकच धून दोन-तीनदा कशासाठी?

स्टुडिओत एक धून अनेकदा वाजवली जाते. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘टेक’ म्हणतात. सहसा त्यातला एक निवडून प्रसिद्ध होतो आणि बाकीचे पडून राहतात. या संग्रहात असे राखीव टेकही आहेत. जॅझमध्ये धून ठरलेली असली, तरी सोलो त्या क्षणी सुचलेला असतो. ख्यालगायक तीच बंदिश पुन्हा गातो, पण विस्तार वेगळा करतो, तसंच काहीसं. दोन टेक पाठोपाठ ऐकले की ब्राउननं काय बदललं हे कळतं. अर्थात, सगळा संग्रह एका बैठकीत ऐकायला गेलं तर कंटाळा येऊ शकतो.

हे टेक इतके मोलाचे का?

कारण ब्राउनकडे वेळच नव्हता. १९५० मध्ये मोटार अपघातात तो गंभीर जखमी झाला आणि कित्येक महिने त्याला अंथरुणात काढावे लागले. त्यातून सावरून तो पुन्हा उभा राहिला. १९५४ मध्ये ड्रमवादक मॅक्स रोचबरोबर त्यानं गाजलेला बँड काढला. २६ जून १९५६ रोजी दुसऱ्या मोटार अपघातात तो गेला. पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची पत्नी नॅन्सी यांचाही त्यात मृत्यू झाला. ब्राउन २५ वर्षांचा होता. १९५२ मधल्या पहिल्या रेकॉर्डिंगपासून मोजलं, तर त्याच्या वाट्याला जेमतेम चार वर्षं आली.

त्या चार वर्षांतले हे काही आठवडे. वादकांनी मालकाचा हुकूम पाळला असता, तर त्यातला एकही सूर आज आपल्याकडे नसता.

सुरुवात कुठून करावी?

आधी चौघांचं सेशन ऐका. मग त्यातल्याच एखाद्या धूनचे सगळे टेक. मोठा बँड शेवटी.