मोहफुलाची दोन रूपे

आयर्लंडमध्ये 1974 साली व्हिस्की आणि दुधाची साय यांचा मेळ घालून बेलीज हे मद्य बाजारात आले. पेल्याइतकेच ते पुडिंग-केकमध्येही रुळले. मद्य आणि मिष्टान्न यांचे असे नाते भंडारा जिल्ह्याला मात्र पूर्वापार ठाऊक आहे.

मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली रसाळ, फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडतो. बायामुले ती टोपलीत वेचतात, अंगणात वाळवितात. हीच फुले भिजवून, आंबवून भट्टीवर चढविली की दारू उतरते. उकडून कुटली की लाडू होतात, पिठात मळली की गोड पोळी होते. ज्या घरात साखर परवडत नसे, तेथे सणाचा गोडवा मोहच पुरवी. दुष्काळात तर तो पोटाचा आधार ठरे.

कायद्याने मात्र केवळ भट्टी पाहिली. मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने त्यातून सुटला. पुढे तो महाराष्ट्रात आला आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यातील मोहफुलांवरील निर्बंध येथेही लागू झाले. दारूच्या संशयाने लाडवाची फुलेही अडली. 2021 साली राज्य शासनाने फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत. तिची भलावण मला करावयाची नाही. परंतु भट्टीच्या अपराधाची शिक्षा गरिबाच्या ताटातील लाडवाने का भोगावी?