करार संपताना : जपानच्या सरकारी शाळांतला परदेशी इंग्रजी शिक्षक

मागच्या व्याख्यानात आपण मेइजी काळातल्या शिक्षणव्यवस्थेचा सांगाडा पाहिला. आज त्याच व्यवस्थेतला एक कागद हातात घेऊ. परदेशी शिक्षकाचा करारनामा. विषय किरकोळ वाटेल. पण एखादी संस्था माणसाला काय समजते, ते तिच्या नेमणूकपत्रात वाचावं, ही आमची जुनी सवय आहे. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता लागलेली. आणि नेमणूकपत्रापेक्षाही जास्त कळतं ते मुदत संपताना येणाऱ्या पत्रातून.

त्या काळात जपानने जे परदेशी तज्ज्ञ नोकरीत घेतले, त्यांना 'ओयातोई गाइकोकुजिन' म्हणत. 'गाइकोकुजिन' म्हणजे परदेशी, 'यातोई' म्हणजे पगारावर ठेवलेला आणि पुढचा 'ओ' हा आदराचा. 'पगारीसाहेब' म्हणा हवं तर. मान आहे, पगार भरपूर आहे, पण मुक्काम ठरलेल्या मुदतीचा. सरकारचा हिशोब सरळ होता : बाहेरच्याला आणा, त्याच्याकडून शिका, दरम्यान आपली हुशार मुलं युरोप-अमेरिकेला पाठवा, ती परतली की बाहेरच्याला निरोप द्या. यात फसवणूक काहीच नव्हती, सगळं उघड होतं. पण एक माणूस एका गावात चार-पाच वर्षं राहतो तेव्हा तो धोरणापुरता उरत नाही ना! घर होतं, बायको-मुलं होतात. करारावरची तारीख मात्र तीच राहते.

ग्रिफिसचं उदाहरण चटकन सांगून पुढे जातो. विल्यम इलियट ग्रिफिस हा अमेरिकन १८७१ मध्ये फुकुई संस्थानात विज्ञान शिकवायला गेला. करार तीन वर्षांचा. त्याच वर्षी उन्हाळ्यात सरकारने संस्थानंच बरखास्त केली. म्हणजे ज्याच्याशी करार केला तो पक्षच नाहीसा झाला! पुढच्या जानेवारीत ग्रिफिस फुकुई सोडून तोक्योला निघाला. कायद्याच्या वर्गात शिकवावं असं हे प्रकरण आहे. असो.

आज थांबायचंय ते लाफ्काडिओ हर्नपाशी. आई ग्रीक, वडील आयरिश, उमेदीची वर्षं अमेरिकेत वार्ताहर म्हणून गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, १८९० मध्ये तो जपानला आला. बेझिल हॉल चेंबरलेनसारख्यांच्या शब्दामुळे त्याला शिमाने प्रांतातल्या मात्सुए गावात नोकरी मिळाली. प्रांताची माध्यमिक शाळा आणि अध्यापक विद्यालय, दोन्हीकडे इंग्रजी शिकवायचं. पगार महिना १०० येन. त्या गावात ही रक्कम डोळ्यांत भरणारी होती. तिथेच सेत्सु कोइझुमी या सामुराई घराण्यातल्या मुलीशी त्याचा संसार सुरू झाला. सामुराईंची वतनं गेलेली, घराणी खचलेली. तेव्हा हर्नच्या पगारावर एकट्या बायकोचा नव्हे, तिच्या मोठ्या गोतावळ्याचा भार पडला. मात्सुए त्याला मनापासून आवडलं होतं. तरी १८९१ च्या नोव्हेंबरात त्याने ते सोडलं. थंडी सोसत नव्हती हे खरंच, पण कुमामोतोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेने २०० येन देऊ केले होते. सरळ दुप्पट. त्याच्या पुस्तकांतलं स्वप्नाळू जपान वाचताना हा आकडा आपण विसरतो. विसरू नये.

कुमामोतोत तीन वर्षं, मग कोबेला थोडा काळ वर्तमानपत्रात, आणि १८९६ मध्ये तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अध्यापक. बोलावणारे होते तोयामा मासाकाझु, साहित्य विभागाचे प्रमुख. पगार सुमारे ४०० येन.

आता इथे खरी गाठ बसते. त्याच वर्षी हर्नने जपानी नागरिकत्व घेतलं. सासरच्या घराण्यात दत्तक गेला आणि कोइझुमी याकुमो झाला. कारण भावनेचं कमी, कायद्याचं जास्त. लग्न ब्रिटिश प्रजाजन म्हणून नोंदवलं असतं तर सेत्सु परकी झाली असती आणि घर, जमीन, वारसा सगळंच अडचणीत आलं असतं. तेव्हा बायको-मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्याने स्वतःचा पासपोर्ट सोडला. पण पगार तर 'परदेशी शिक्षकाचा'! जपानी अध्यापकाची श्रेणी कितीतरी खाली. मग जपानी झालेल्या परदेशी शिक्षकाला कुठली श्रेणी लावायची? तोयामा होते तोवर हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांच्या शब्दावर ते चाललं होतं. कराराला माणसाचा शब्द पुरवणी म्हणून जोडलेला असतो ना, तसं. तोयामा १९०० मध्ये वारले आणि पुरवणी त्यांच्याबरोबर गेली.

त्यानंतर विभागाची सूत्रं होती इनोउए तेत्सुजिरो यांच्याकडे. हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, १८८४ ते १८९० जर्मनीत राहून आलेले. आमच्याच विषयाचा माणूस, त्यामुळे हे सांगताना थोडं अवघडायला होतं. जानेवारी १९०३ मध्ये हर्नला पत्र गेलं की ३१ मार्चला मुदत संपते आहे, पुढे नूतनीकरण नाही. समोरासमोर बोलणं नाही, नुसतं पत्र. विद्यार्थी खवळले, सभा झाल्या. तेव्हा विद्यापीठाने मधला मार्ग काढला : कमी तास, कमी पगार, राहा. हर्नने नकार दिला. जपानी नागरिकाला परदेशी पगाराचा हक्क नाही, या कारणावरून आपल्याला घालवलं, असं त्याने नंतर पत्रातून मैत्रिणीला कळवलं. विद्यापीठाची बाजूही ऐकली पाहिजे : परत आलेल्या जपानी विद्वानांना जागा हवी होती आणि पैसा मर्यादित होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आम्हाला खटकतं ते वेगळंच आहे. बाहेरचा होता तेव्हा 'तू पाहुणा, मुदत संपली की जा', आणि आतला झाला तेव्हा 'तू आता पाहुणा नाहीस, पाहुण्याचा पगार सोड'. दोन्ही टोकांना नियम विद्यापीठाच्याच सोयीचा. सप्टेंबर १९०४ मध्ये हर्न वारला.

त्याच्या जागी जे आले त्यांत होते नात्सुमे सोसेकी, नुकतेच लंडनहून परतलेले. विद्यापीठातून त्यांना वर्षाला ८०० येन, आणि शिवाय दुसऱ्या एका सरकारी शाळेतून ७००. हर्नचे वर्षाचे जवळजवळ ५,००० होत होते. विद्यार्थ्यांना हर्नची काव्यमय व्याख्यानं हवी होती आणि सोसेकींचं शास्त्रशुद्ध विश्लेषण रुचेना. गंमत बघा, सोसेकी याआधीही 'परदेशी शिक्षकाच्या खुर्ची'वर बसले होते. १८९५ मध्ये मात्सुयामाच्या शाळेत एका परदेशी शिक्षकाच्या जागी त्यांना घेतलं, पगार ८० येन, मुख्याध्यापकांना ६०! पुढच्या वर्षी ते कुमामोतोला गेले, हर्नच्याच जुन्या शाळेत, १०० येनवर. म्हणजे पगार विद्वत्तेला नव्हता, खुर्चीला होता, आणि खुर्चीवर कोण बसलाय ते पाहून तो बदलत होता. १९०७ मध्ये सोसेकींनी विद्यापीठ सोडून असाही वर्तमानपत्राची नोकरी धरली. तेव्हा त्यांनी आधी पत्र लिहून पगार किती, नोकरीची हमी काय, हे सगळं नीट विचारून घेतलं. महिना २०० येन ठरले. हर्नच्या खुर्चीवर चार वर्षं काढलेला माणूस असे प्रश्न विचारणारच.

आता आजच्या काळात येऊ. १९८७ मध्ये जपान सरकारने 'जेट' योजना सुरू केली. परदेशी तरुणांना सरकारी शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून आणायचं. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. करार एका वर्षाचा, एकूण जास्तीत जास्त पाच वर्षं. हिवाळ्यात कागद हातात पडतो : पुढच्या वर्षी राहणार का? पगार सगळ्यांना सारखा. २०१२ पासून बरीच वर्षं तो असा होता : पहिल्या वर्षी ३३ लाख ६० हजार येन, दुसऱ्या वर्षी ३६ लाख, तिसऱ्या वर्षी ३९ लाख, पुढे ३९ लाख ६० हजार. घासाघीस करायला जागाच नाही. बोलता येतं ते राहण्याच्या जागेबद्दल, किती शाळा सांभाळायच्या त्याबद्दल, प्रवासाबद्दल. तेही स्थानिक शिक्षण मंडळाचा कारकून भला असेल तर.

एप्रिल २०२० पासून आणखी एक बदल झाला. स्थानिक संस्थांनी थेट नेमलेल्या अशा बहुतेक शिक्षकांना 'आर्थिक वर्षापुरता नेमलेला कर्मचारी' हा दर्जा मिळाला. ऐकायला साधं आहे. पण कायद्याने हा करार नाहीच, ही नेमणूक आहे, आणि ती ३१ मार्चला संपते. दुसऱ्या दिवशी तीच शाळा, तेच टेबल, तरी 'नूतनीकरण' म्हणायचं नाही, नवी नेमणूक म्हणायचं. कराराला दोन पक्ष असतात. नेमणुकीला एक नेमणारा आणि एक नेमला गेलेला. खाजगी नोकरीत सलग मुदती करारांची पाच वर्षं ओलांडली की मुदत काढून टाका असं मागता येतं. ही सोय २०१३ पासून लागू आहे, पण सरकारी नेमणुकीला ती लागत नाही. (३१ मार्च म्हटल्यावर समोर बसलेल्या तासिका तत्त्वावरच्या दोन-तीन प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आम्ही पाहिलं.)

तिसरा प्रकार म्हणजे कंपनीमार्फत आलेले शिक्षक. शिक्षण मंडळ निविदा काढतं, कंपन्या दर लावतात. कंत्राट कामाचं असेल तर वर्गात शेजारी उभ्या असलेल्या जपानी शिक्षकाने या परदेशी शिक्षकाला थेट सूचना द्यायच्या नाहीत, सूचना कंपनीने द्यायच्या! नाहीतर ते छुपं मनुष्यबळ पुरवणं ठरतं. आणि निविदा दुसऱ्या कंपनीला गेली तर आपल्या शिक्षकाची बोलणी कुणाशी? ग्रिफिसच्या संस्थानासारखंच, पक्षच नाहीसा.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. त्यांची मुलगी तिकडे शिकवायला जाण्याच्या विचारात आहे, तर काय विचारून घ्यावं? आम्ही वकील नाही. तरी तीन गोष्टी. सही कुणाची आहे, नगरपालिकेची की कंपनीची, हे आधी पाहा. शाळेच्या सुट्टीच्या महिन्यांचा पगार पूर्ण आहे का ते लेखी घ्या. आणि शाळेतल्या कुणी भल्या माणसाने 'काळजी करू नका, पुढच्या वर्षीही आहातच' असं म्हटलं, तर त्यांचे आभार माना आणि तेच वाक्य कागदावर मागा. कामगार संघटना आहेत. ओसाकात १९९१ पासून परदेशी शिक्षकांची एक चालू आहे, वर्गणी भरून सभासद होता येतं. जायच्या आधीच तिचा पत्ता जवळ असू द्या. पुढची चिठ्ठी घेऊ.