हिवताप, पाऊस आणि गव्हाचा भाव

'मलेरिया' हा शब्द मूळचा इटालियन. त्याचा अर्थ 'वाईट हवा'. आपल्याकडेही एखाद्या गावची हवा मानवत नाही, पाणी बाधते. रोगाचे मूळ हवापाण्यात शोधण्याची ही रीत फार जुनी आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना, हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठरात त्या रोगाचे परजीवी आढळले आणि शास्त्राच्या दरबारात या समजुतीचे आसन डळमळले. रॉस स्वतः कवीही होते. या शोधावर त्यांनी कविता लिहिली. हवा निर्दोष सुटली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात डास उभा राहिला. मात्र हा निवाडा पुरेसा नव्हता, हे पुढे अकरा वर्षांनी पंजाबात दिसून आले.

१९०८ साली पंजाबात उन्हाळ्याअखेरीस अतिशय जोराचा पाऊस झाला, सखल भागांत पाणी तुंबले आणि शरद ऋतूत हिवतापाची साथ उसळली. तिची पहिली चाहूल लागली ती लाहोरच्या रेल्वेत. कर्मचारी तापाने अंथरुणाला खिळले आणि गाड्यांचे वेळापत्रक कोलमडले. अमृतसरात जवळजवळ सारे शहर आजारी पडून रोजचे व्यवहार थांबले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत प्रांतात ३ लाखांहून अधिक माणसे या साथीत मरण पावली.

या साथीची चौकशी एस. आर. ख्रिस्तोफर्स या वैद्यकीय अधिकाऱ्याने केली. त्याचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. जुन्या साथींच्या नोंदी त्याने पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या आणि त्यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. पण तो तेथेच थांबला नाही. पावसाच्या आकड्यांशेजारी त्याने धान्याचे भाव मांडले. साथ सर्वाधिक प्राणघातक ठरली होती ती टंचाईपाठोपाठ अतिवृष्टी आली त्या वर्षांत. १९०८च्या आधीही पीक बुडाले होते आणि धान्य महागले होते. डास पावसाने वाढले. तापाने माणसे इतक्या संख्येने दगावली, त्यामागे भूकही होती.

१९२०च्या दशकात सी. ए. गिल यांनी याच धाग्यावरून पंजाबातील साथींचे पूर्वानुमान वर्तवण्याची पद्धत बसवली. तिच्यात पावसाचे मोजमाप होते, मुलांच्या वाढलेल्या प्लीहेचे प्रमाण होते आणि धान्याचा भावही होता. साथीचे भाकीत करू पाहणाऱ्याला आकाशाबरोबर बाजाराकडेही पाहावे लागत होते. वसाहतीच्या राज्ययंत्रणेतून निघालेल्या कागदांत ही कबुली सापडावी, हे विशेष म्हणायला हवे.

आज तापमानवाढीच्या संदर्भात हा इतिहास पुन्हा वाचण्याजोगा झाला आहे. डासाच्या शरीरात हिवतापाच्या घातक प्रकाराच्या परजीवीची वाढ पूर्ण व्हायला सरासरी २० अंश सेल्सिअसला जवळजवळ चार आठवडे लागतात. २५ अंशांना बारा-तेरा दिवस पुरतात. डासाचे आयुष्यच मुळी काही आठवड्यांचे. त्यामुळे थंड प्रदेशात परजीवी पक्व होण्याआधीच बहुतेक डास मरतात. दोन-तीन अंशांच्या वाढीने हे गणित बदलते आणि डोंगराने शतकानुशतके दिलेले संरक्षण विरळ होत जाते. डेंग्यूचीही वाटचाल अशीच आहे. नेपाळमध्ये स्थानिक लागणीचे पहिले रुग्ण २००६ साली नोंदले गेले. २०२२ साली त्या देशात ५० हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे काठमांडू खोरेही त्यातून सुटले नाही. शहरांची वाढ, साठवलेले पाणी आणि माणसांची ये-जा यांचाही त्यात वाटा आहे; पण उबदार होत चाललेल्या डोंगरांनी डासाला वर चढण्याची वाट दिली.

त्याच वर्षी पाकिस्तानात महापूर आला. तेथील अतिवृष्टीची तीव्रता तापमानवाढीमुळे वाढली असावी, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली त्या देशात हिवतापाचे सुमारे ५ लाख रुग्ण होते. २०२२ साली ते २६ लाखांवर गेले. तुंबलेले पाणी, उद्ध्वस्त घरे, बुडालेली पिके. ख्रिस्तोफर्सच्या अहवालाचा वाचक हे चित्र लगेच ओळखेल.

येथे एक धोका संभवतो. 'हवामानबदल' हा शब्द हळूहळू नवी 'वाईट हवा' होऊ लागला आहे. साथ आली की त्याच्याकडे बोट दाखवले जाते आणि सांडपाण्याचा निचरा, रिकामी आरोग्यकेंद्रे, धान्याचा भाव हे सारे प्रश्न त्याच्या आड जातात. शीला झुरब्रिग यांनी पंजाबच्या याच साथींवरील आपल्या २०१९च्या ग्रंथात दाखवले आहे की, १९०८ नंतरच्या दशकांत पाऊस होता, डास होते, ताप येतच होता. तरी मृत्यूंचे प्रचंड लोंढे ओसरले. दुष्काळनिवारणाची व्यवस्था सुधारल्याने उपासमारीची तीव्रता घटली, हे त्यांच्या मते याचे महत्त्वाचे कारण होते.

हवेला निर्दोष सोडणे चूक होते, तसेच तिला एकटीला दोषी ठरवणेही चूक ठरेल. उपग्रह आणि संगणक यांच्या आधारे आज पावसाचे भाकीत गिल यांच्या काळापेक्षा कितीतरी नेमके करता येते. परंतु त्यांच्या तक्त्यातला धान्याच्या भावाचा रकाना आजच्या तक्त्यांत आहे का, हे कोणताही नवा इशारा वाचताना तपासून पाहायला हवे.