शीळ ऐकून येणारा मासा

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्याकडे चार वर्षांपासून एक सकर फिश आहे. घरचे म्हणतात, "तो काय, काचेला चिकटलेला दगड." पण याचं म्हणणं, मी टाकीजवळ गेलो की तो बाहेर येतो, दुसरं कोणी गेलं की नाही. शेवटी त्याने विचारलंय, "दादा, खरं सांग, तो मला ओळखतो की मी येडा आहे?"

येडा नाहीस रे. हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. रोमन कवी मार्शलने पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनच्या तळ्यातल्या माशांबद्दल लिहून ठेवलंय. बाये नावाच्या गावी हे तळं होतं. तिथल्या माशांना म्हणे नावं होती, ते मालकाला ओळखायचे आणि हाक मारली की यायचे. आता सम्राटाची स्तुती करणारा कवी काय वाट्टेल ते लिहील, हे आपल्याला कळतं. पण असे मासे फक्त दरबारात नव्हते. आपल्याकडे महाड तालुक्यात वाळण कोंडीला देवीचे म्हणून सांभाळलेले मासे आहेत. माणूस काठावर आला की ते गोळा होतात.

पण ते का गोळा होतात? आवाज ऐकून, माणूस बघून, की नुसत्या खाण्याच्या आशेने?

या प्रश्नाचा पहिला नीट तपास झाला ऑस्ट्रियात. क्रेम्सम्युन्स्टर नावाचा एक जुना मठ आहे, तिथल्या हौदांत ट्राउट मासे पाळलेले. खायला घालायच्या आधी घंटा वाजवायची आणि घंटा वाजली की मासे धावत यायचे. लोक लांबून हा प्रकार बघायला येत. 1890 च्या दशकात व्हिएन्नाचा आलोइस क्रायडल नावाचा शरीरशास्त्रज्ञ तिथे पोचला. त्याने काय केलं, तर माणूस आणि घंटा वेगळे केले. घंटा न वाजवता माणूस हौदाशी गेला, तर मासे हजर. माणूस लपवून नुसती घंटा वाजवली, तर एकही मासा हलला नाही.

म्हणजे मासे घंटेला नाही, माणसाला येत होते. त्याचं दिसणं, त्याच्या पावलांची थरथर, यावर त्यांचं सगळं चालत होतं.

इथे एक गंमत बघा. आपल्या प्रश्नासाठी हे उत्तर भारी आहे, कारण मासा माणसाची दखल घेतो हे त्यातून दिसतं. पण त्या काळच्या शास्त्रज्ञांनी त्यातून वेगळंच काढलं: मासे बहिरे असतात! जर्मनीत रोस्टॉकचे प्राध्यापक ओटो क्योर्नर, नावाजलेले कानाचे डॉक्टर, या मताचे खंबीर पुरस्कर्ते. त्यांनी कितीतरी जातींच्या माशांसमोर आवाज करून पाहिले, एकाने दाद दिली नाही. शिवाय आपल्या कानात शंखासारखा जो भाग असतो तो माशाला नसतोच. विषय संपला.

विषय संपला नव्हता, कारण 1921 साली त्याच रोस्टॉकच्या विद्यापीठात कार्ल फॉन फ्रिश प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारा, 1973 साली नोबेल मिळालेला तोच हा. तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि मोठ्या डॉक्टरांशी वाद घालायची त्याला आधीपासून सवय होती. म्युनिकच्या कार्ल फॉन हेस या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मासे रंगांधळे असतात असं जाहीर केलं होतं. फ्रिशने छोट्या माशांना ठरावीक रंगाशी खाणं जोडायला शिकवलं आणि त्यांना रंग कळतात हे दाखवून दिलं.

त्याची सगळी पद्धत साधी होती. माशासमोर टाळी वाजवून तो दचकतो का बघणं, हा प्रश्नच चुकीचा. टाळीशी माशाला काय देणंघेणं? तुमच्या शेजारी कोणी जपानी बोललं आणि तुम्ही वळून पाहिलं नाही, तर तुम्ही बहिरे ठरता का? माशाला विचारायचं तर त्याच्या कामाचं विचारायला हवं. आणि त्याच्या कामाचं म्हणजे पोट.

फ्रिशने निवडला एक कॅटफिश. मूळ अमेरिकेचा, जर्मन लोक ज्याला बुटका कॅटफिश म्हणतात तो तपकिरी, मिशाळ मासा. आपल्या मांगूरचा लांबचा नातेवाईक समजा. त्याचं नाव ठेवलं क्साव्हर्ल. झेवियर नावाचं हे बव्हेरियातलं लाडाचं रूप, आपण बाळ्या म्हणू तसं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, ऐकताना बरं नाही वाटणार. क्साव्हर्ल आंधळा होता, आणि फ्रिशने शस्त्रक्रिया करून त्याला आंधळा केलं होतं. मठातल्या माशांसारखा हाही माणूस बघूनच येतो, असं कोणी म्हणू नये म्हणून. प्रयोग म्हणून ते चोख होतं. पण ज्याला लाडाचं नाव दिलं त्याचेच डोळे काढले, हे मला पचत नाही. तो काळ तसा होता म्हणून मी ते सोडून देणार नाही, आणि त्यामुळे प्रयोगाचं मोल कमी होतं असंही म्हणणार नाही.

तर टाकीत मातीची एक नळी ठेवलेली. दिवसभर क्साव्हर्ल तिच्यात पडून. फ्रिश शीळ घालायचा आणि मग काडीला लावलेला मांसाचा तुकडा त्याच्या तोंडाशी न्यायचा. रोज हेच. थोड्याच दिवसांत असं झालं की फ्रिशने नुसती शीळ घातली, हातात काडीही नाही, आणि क्साव्हर्ल नळीतून बाहेर येऊन मिशा हलवत खाणं शोधायला लागला.

फ्रिशने क्योर्नरना बघायला बोलावलं. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर जपलेलं मत पणाला लागलेलं. पण म्हातारा आला. टाकीसमोर उभा राहिला. शीळ वाजली, मासा बाहेर आला. आणि क्योर्नरनी सरळ मान्य केलं की यात शंकेला जागा नाही. मला या सगळ्या कथेत माशाइतकाच हा माणूस आवडतो. 1923 साली फ्रिशने निबंध छापला, त्याचं शीर्षकच होतं: शीळ घातली की येणारा बुटका कॅटफिश.

मग मठातले ट्राउट घंटेला का हलले नाहीत? याचं उत्तर कॅटफिशच्या अंगात आहे. एर्न्स्ट वेबरने 1820 मध्येच दाखवलं होतं की कॅटफिश, कार्प वगैरे माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरते, हाडं ती थरथर कानात पोचवतात. ट्राउटला ही जोडणी नाही, त्यामुळे त्याला खालच्या पट्टीतलंच ऐकू येतं. शीळ हा उंच आवाज, तो कॅटफिशलाच झेपतो. सकर फिशही याच कुळातला. म्हणजे टाकीशेजारी तुम्ही फोनवर भांडता ते त्याला ऐकू जातं बरं का.

इथपर्यंत ऐकणं आणि शिकणं झालं. ओळखण्याचं काय? 1967 मध्ये अमेरिकेत मिशिगनला जॉन टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्साव्हर्लच्याच गोतावळ्यातला पिवळा कॅटफिश अभ्यासला. हे मासे आपल्या जातभाईंना एकेकटं ओळखत होते, वासावरून. दोन माशांच्या टाक्यांतल्या पाण्यातला फरक ते शिकू शकत होते. डोळे नसले तरी चालायचं, पण नाक बंद केलं की ओळख गेली. चवीचं तर विचारूच नका. याच्या अंगभर, मिशांवर, शेपटीपर्यंत चवीचे बिंदू असतात, एका माशावर लाखाच्या वर. पूर्ण अंग म्हणजे जीभच.

आणि या प्राण्याला आपण काचेपलीकडून तोंड दाखवून विचारतो, "मला ओळखलंस का?" तुमचा वास काचेतून जात नाही. त्याच्याकडे उरतं काय, तर तुमची सावली, पावलांची थरथर, झाकण उघडल्याचा आवाज आणि खाण्याची वेळ.

चेहरा ओळखणारे मासे आहेत. 2016 साली आर्चरफिशना पडद्यावरचा शिकवलेला चेहरा 44 नव्या चेहऱ्यांतून निवडून त्यावर पाण्याची पिचकारी मारता आली. पण 2025 मध्ये कॉर्सिकाजवळच्या समुद्रात वेगळं दिसलं. तिथले मासे खाऊ देणाऱ्या पाणबुडीच्याच मागे जायचे, दुसऱ्याच्या नाही. मग दोघांनी एकसारखा पोशाख घातला आणि माशांना काही फरक करता येईना. त्यांनी माणूस लक्षात ठेवला होता तो त्याच्या कपड्यांच्या रंगावरून.

त्यामुळे, मित्रा, तुझा सकर तुझ्यासाठी बाहेर येतो हे मला पटतं. तू त्याच्यासाठी चेहरा नसशील, एक चाल आणि एक वेळ असशील. खात्री करायची तर क्रायडलसारखं कर. खाण्याच्या वेळी तुझ्या बहिणीला तुझा शर्ट घालून, तुझ्यासारखं पाय आपटत टाकीकडे पाठव. तू लांबून लपून बघ. दुसऱ्या दिवशी तू जा, पण भलत्या वेळी आणि मांजरीच्या पावलांनी. असं आठ-दहा वेळा करून वहीत लिही, आणि व्हॉइस नोट पाठव. पुढच्या भागात वाजवतो.