वारली चौक आणि त्याची समीक्षा

भारतातील आदिवासी कलेविषयीचे लेखन दीर्घकाळ मानवशास्त्राच्या, म्हणजे मानवी समाज व त्यांच्या रूढींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, अंगाने होत राहिले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हेरिअर एल्विन यांच्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथातही विधी आणि श्रद्धा यांना मोठे स्थान आहे. या वाटेने वारली चित्रांकडे येणाऱ्या नव्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो चित्रे काढणाऱ्यांच्या नावांचा.

डहाणूच्या परिसरात लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखाटतात. त्याच्या मध्यभागी सृजनाची देवी पालघाट असते, लहानशा देवचौकात पाचशिऱ्या देव असतो, आणि धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत विधी चालवणारी स्त्री, देवांना आवाहन करते. असा चौक ‘लिहिला’ जातो, असे म्हणतात. हा शब्द समीक्षकाने सहज ओलांडू नये, कारण रेषा आणि गाणे यांना वेगळे करून चौकाचा अर्थ लावता येत नाही.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोहोचवले, आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे विधीच्या बाहेर, रोजच्या जगण्याची चित्रे काढू लागले. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती. त्याआधीच्या वर्षी यशोधरा डालमिया यांचा वारलींच्या चित्रविश्वावरील ग्रंथ आला होता, आणि १९९८ साली ज्योतींद्र जैन यांनी लोककला व आदिवासी कलांतील पाच कलावंतांवर लिहिताना मशे यांना स्वतंत्र शैलीचे चित्रकार म्हणून मांडले. जमातीच्या आड गेलेल्या कलावंताला नाव मिळाले, ही या समीक्षेची मोठी कमाई आहे.

तरीही ते नाव ज्या परंपरेतून उभे राहिले, ती चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची परंपरा बहुतेक अनामच राहिली, ही उणीव गंभीर आहे. कागदाला बाजार, पुरस्कार आणि संग्रहालय मिळाले; भिंत मात्र पुन्हा सारवली जाते, चौक पुसला जातो, आणि म्हणून या इतिहासाची नोंद करू इच्छिणाऱ्याला लग्नघरातच, पीठ ओले असताना, चौक लिहिणाऱ्या बाईचे नाव विचारावे लागते.