औषधांचे सांडपाणी आणि कोकणच्या खाड्या

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन या देशात तयार होऊ लागले, तेव्हाचा आनंद सर्वस्वी न्याय्य होता. न्यूमोनियाने अथवा साधी जखम चिघळून माणसे दगावण्याचे दिवस फार मागे पडलेले नव्हते. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावर नव्हे, तर केवळ त्याच्या निर्मितीच्या कृतीवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले आणि स्वस्त औषधांचे युग अवतरले. त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या उद्योगाची दुसरी बाजू पाहावयाची, तर कोकणच्या खाड्यांकडेच वळावे लागते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पुढल्या काही दशकांत तारापूर, रोह्याजवळचे धाटाव, महाड, लोटे-परशुराम येथे रसायनांचे व औषधांचे कारखाने आले. सह्याद्रीचे पाणी मुबलक, मुंबई हाकेच्या अंतरावर आणि सांडपाणी पोटात घ्यावयास समुद्र सिद्ध, असा तो हिशेब होता. ज्या दाभोळ बंदरात बहामनी अमदानीत अरबस्तानाहून घोडे उतरत, त्याच बंदराच्या खाडीत लोट्याचे सांडपाणी येऊ लागले, आणि मेलेल्या माशांचा खच पाहून भोई मंडळींनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी अर्ज केले.

कायदा नव्हता असे नाही. केंद्राचा १९७४ चा कायदा येण्यापूर्वीच, १९६९ साली, महाराष्ट्राने जलप्रदूषणास आळा घालणारा स्वतःचा कायदा केला होता. पण त्या कायद्यांखाली जे मोजले गेले ते मुख्यतः आम्लता, गाळ आणि प्राणवायूची मागणी. औषधाचा अंश त्या मोजमापात येतच नव्हता. माशांचा खच डोळ्यांना दिसतो, तक्रार होते, पंचनामा होतो. औषधाचे काम मात्र निःशब्द चालते, कारण अत्यल्प मात्रेत सजीवाच्या शरीरव्यापारात फेरफार करावा याच हेतूने ते घडविलेले असते. इंग्लंडमधील प्रयोगात, कोलंबीचा दूरचा आप्त असा एक चिमुकला सागरी जीव खिन्नतेवरील औषधाच्या सूक्ष्म अंशात ठेवला असता अंधाराचा आश्रय सोडून प्रकाशाकडे, म्हणजेच माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी, जाऊ लागला. तिसऱ्या आणि कालवे तर पाणी गाळूनच पोट भरतात. समुद्र सर्व काही विरवून टाकतो हा भरवसाही खाडीपुरता फोल आहे. ओहोटीने नेलेले भरती परत आणते, आणि उन्हाळ्यात नदीचा ओघ आटला म्हणजे ते पाणी तेथेच घुटमळत राहते.

२००७ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील सामाईक प्रक्रिया केंद्राविषयी एक संशोधन प्रसिद्ध झाले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी तेथे येत असे, आणि शुद्ध करून सोडलेल्या त्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळले. ‘प्रक्रिया केली’ या दप्तरी शेऱ्याचे मोल त्यावरून कळावे. अशा पाण्यात जे जंतू तगतात ते औषधाला न जुमानणारे असतात, आणि त्या जंतूंना खाडी व गाव यांतील हद्द ठाऊक नसते.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील १२१ प्रतिजैविकांना कमाल मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळण्यात आल्या. त्या पुन्हा दाखल व्हाव्यात आणि मोजणी कारखान्याच्या दाराशीच न थांबता खाडीच्या मुखापर्यंत जावी, ही मागणी एकट्या भोई-कोळ्यांवर न सोडता या औषधांनी ज्यांचे प्राण वाचले त्या आपण सर्वांनी केली पाहिजे.