तळटीप : मासेदोनियाची वर्गणी

१४. मासेदोनियाची वर्गणी : लेखकाने हा उल्लेख ओझरता केला आहे, पण प्रसंग थांबून पाहावा असा आहे. इ. स. ५५च्या सुमारास पौल यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी ग्रीक प्रदेशातल्या मंडळ्यांकडून मदत गोळा करत होता. देणारे बहुतेक यहुदीतर, घेणारे यहुदी. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं. करिंथ हे भरभराटीचं व्यापारी शहर. तिथल्यांनी वर्षभर आधी होकार दिला, पण काम रेंगाळलं. फिलिप्पै, थेस्सलनीका या उत्तरेकडच्या, मासेदोनियातल्या मंडळ्या मात्र स्वतःच छळ आणि दारिद्र्य सोसत होत्या. त्यांनी, आम्हालाही यात वाटा घेऊ द्या, अशी गळ घातली आणि ऐपतीपलीकडे दिलं.

हे सारं करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या आणि ९व्या अध्यायांत येतं. पौल तिथे आज्ञा करत नाही, दशांशाचं नावही काढत नाही. ज्याने त्याने मनाशी ठरवावं, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, असं सांगतो. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. मासेदोनियाकरांचा आनंद दिल्यानंतर उपजलेला नाही. हलाखीतही तो आधीपासून होता, आणि त्यातूनच देणं ओसंडलं. पैशांबाबत संशयाला जागा राहू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेला सोबती घेतला. यरुशलेमकडे निघालेल्या त्याच्या साथीदारांत थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकुंद होते (प्रेषितांची कृत्ये २०:४).